रक्त एक, चूल वेगळी

रझियाताई,

तुमच्या शोकसभेत मी मागच्या रांगेत बसले होते. बोलणारे चांगले बोलले. तुम्ही कुठे शिकलात, काय काय पहिल्यांदा केलंत, कुणी तुमचा सत्कार केला, सगळं आलं. एक पाहुणे आपल्या कामाला सारखं 'रक्तपेढी' म्हणत होते. तेव्हा तुमचे भाऊ हमीदभाई मागे वळून माझ्याकडे बघत राहिले. तुम्ही असता तर त्या पाहुण्यांना मध्येच थांबवलं असतंत. मी थांबवलं नाही. हार घातलेल्या फोटोसमोर कुणाची चूक काढायची मला सवय नाही.

ती रक्तपेढी नव्हती. तिथलं रक्त कुणाला चढवायचं नव्हतं. ते गोठवून ठेवून द्यायचं होतं, कारण आज त्यात जे दिसत नाही ते उद्या एखादी नवी तपासणी निघाली की दिसेल. आमवात एका बहिणीला का होतो आणि तिच्याच पाठच्या बहिणीला का होत नाही, एवढा साधा प्रश्न होता. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतल्या सरांना भोर आणि वेल्हे तालुक्यातून नमुने हवे होते. भोरमध्ये तुमचा दवाखाना चांगला चालला होता. तो आठवड्यातले काही दिवस बंद ठेवून तुम्ही हे काम अंगावर घेतलंत आणि मदतीला मुलगी शोधत भाटघरजवळ आमच्या गावात आलात.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते. आमच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली होती आणि तिचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. दादा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून तुमचं सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "बाई, पोर गावोगाव हिंडनार. लोकं काय म्हन्तील?"

तुम्ही म्हणालात, "लोक म्हणतील, मनियाराची पोर बांगड्या विकायची सोडून रक्त गोळा करत फिरते. मला म्हणतील ते. हिला कोण काय म्हणणार?"

दादा हसले. तुमच्या वडिलांकडून त्यांनी आईसाठी बांगड्या घेतल्या होत्या, ते त्यांना आठवलं. आई मात्र आतून विचारत होती, "रगात काडायचं म्हंजी पाप तर न्हाई ना वो?" तुम्ही बाही वर केलीत, माझ्यापुढे हात धरलात आणि म्हणालात, "पाप असेल तर पहिलं माझं काढ." मी त्याआधी कुणाला सुई टोचली नव्हती. तुमच्या हातावर काळानिळा डाग पडला आणि मला नोकरी लागली.

आभार मी तेव्हाही मानले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. इथे लिहून ठेवते.

कामाची पद्धत तुमची होती आणि ती तुम्हालाच सुचू शकली असती. ज्या बाईला आमवात आहे तिच्या सख्ख्या बहिणी हव्यात, असं पुण्याच्या सरांनी सांगितलं होतं. पण बहिणी एका गावात नसतात. लग्नं होऊन एक वेल्ह्याच्या डोंगरात जाते, एक महामार्गाकडे, एक पार वाईकडे. सरांच्या माणसांनी आधी घरोघर जायचा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. तुम्ही म्हणालात, "जत्रेला येतात ना सगळ्या माहेरी." तुमचे वडील चैत्र-वैशाखात जत्रा करत फिरायचे. कुठल्या गावाची जत्रा कधी, देवळापासून कुठे बसलं की बायका थांबतात, हे तुम्ही लहानपणी त्यांच्या गाठोड्याशेजारी बसून पाहिलं होतं. म्हणून आपण बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेत सतरंजी टाकायचो. एका बाजूला हिरवा चुडा भरला जायचा, दुसऱ्या बाजूला आपण.

एक म्हातारी तुम्हाला म्हणाली होती, "तुजा बाप हात धरायचा त्यो बांगड्या भराय, आन तू धरतीस सुई टोचाय. कसलं गं तुमचं घरानं!"

"आजी, बाबा पैसे पण घ्यायचे. मी फुकट टोचते."

हात धरणं हीच तुमची तपासणी होती. बांगडी चढवायच्या आधी मनियार बाईचा पंजा चेपून मऊ करतो, तसा तुम्ही बोटांच्या मुळाशी सांधे हलकेच दाबायचात आणि हाताकडे न बघता तोंडाकडे बघायचात. गप्पा चालू असायच्या. कुणाचं भात कसं झालं, कुणाची म्हैस व्यायली. ज्या बाईच्या कपाळाला बारीक आठी पडायची तिला तुम्ही नंतर बाजूला बसवायचात.

गावात सगळ्यांना समजेल असं सांगायचं काम तुम्ही मला शिकवलंत. मी पुस्तकातलं सांगायला लागले की बायकांचे डोळे मिटायचे. तुम्ही सांगायचात, "रानडुकरं हाकायला राखण्या ठेवलाय. त्याची नजर बिघडली आणि तो घरच्याच माणसांना दगड मारायला लागला, तर? तसं झालंय तुमच्या सांध्यांचं. राखण्या का बिघडला ते शोधायचंय." मग विचारायचात, बहीण आली आहे का, जाऊ आली आहे का. "बहीण म्हणजे रक्त एक, चूल वेगळी. जाऊ म्हणजे चूल एक, रक्त वेगळं. मला दोघींचं पाहिजे."

तेव्हा पासलीच्या जत्रेत एकजण ओरडली, "जावंचं समदं घ्या बाई, येक थेंब ठिवू नगा!" आणि तिची जाऊ मागून म्हणाली, "हिचं घिऊ नगा, बाटली फुटंल." तुम्ही दोघींना शेजारी शेजारी बसवलंत आणि दोघींचं घेतलंत.

संमतीचा कागद तुम्ही प्रत्येकीला पूर्ण वाचून दाखवायचात. रक्त कशासाठी, किती वर्षं ठेवणार, नको वाटलं तर कधीही परत सांगा, आम्ही टाकून देऊ. त्यात एक वाक्य होतं की ज्याचे त्याचे निकाल वेगळे कळवले जाणार नाहीत. त्या वाक्याकडे मीही सुरुवातीला लक्ष दिलं नाही.

कुल्फीचा प्रकार तुम्हाला आठवून हसू यायचं. भाटघरकडच्या एका जत्रेत आपला बर्फ दुपारीच संपला. एस.टी.ला वेळ होता आणि ऊन मी म्हणत होतं. तुम्ही कुल्फीवाल्याच्या हंड्यातला बर्फ मागून आणलात आणि आपण दोघींनी नळ्या त्यात खोचल्या. त्या बर्फात मीठ असतं, त्यानेच तर कुल्फी जमते, हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघींच्याही डोक्यात आलं नाही. नळ्यांतलं रक्त थंड व्हायच्याऐवजी चक्क गोठून बर्फ झालं. गोठवायचं ते वरचं स्वच्छ पिवळसर पाणी वेगळं काढल्यावर; पुण्यात हे वितळलं तेव्हा ते पाणी दिसायच्या ऐवजी सगळं लाल. सरांनी नळी उजेडात धरून विचारलं, "हे काय, कोकम सरबत आणलंत का?"

दुसऱ्या वर्षी त्याच बायकांसमोर पुन्हा बसायचं होतं. मी म्हणाले, काहीतरी सांगू, अजून लागतंय म्हणू. तुम्ही नाही म्हणालात. सतरंजीवर बसल्या बसल्या सगळ्यांना सांगितलंत, "मागच्या सालच्या तुमच्या रक्ताची मी कुल्फी केली. वाया गेलं. चूक माझी. पुन्हा देणार का?" मग एक म्हणाली, "व्हय, पर आवंदा गारेगार नगं, गरमच ऱ्हाऊ द्या," आणि हात पुढे आला. त्या हसण्यात सगळ्यांनी दिलं.

मला वाटायचं की तुम्ही कुणाशी काही लपवू शकतच नाही. म्हणून पुढचं मला जड गेलं.

माझी थोरली बहीण, आक्का, पासलीत दिली आहे. तिला आमवात तुम्ही ओळखण्याच्या कितीतरी आधीपासून होता. भात लावताना बोटं मिटत नाहीत म्हणून सासूची बोलणी खात होती. तिची बहीण म्हणून माझं रक्त आपल्या साठ्यात होतं आणि धाकट्या नंदाचंही. काही वर्षांनी सरांकडे नवी तपासणी आली आणि त्यांनी आपलं साठवलेलं रक्त बाहेर काढून पुन्हा तपासलं. ज्या बहिणी रक्त देताना धडधाकट होत्या आणि नंतर आजारी पडल्या, त्यांच्या जुन्या रक्तात आजाराची खूण आधीपासून होती. साठा केल्याचं सार्थक झालं होतं. सर फोनवर आनंदाने बोलत होते. आपण दोघीही आनंदात होतो.

पण ती खूण आणखी काही जणींच्या रक्तात होती, ज्यांना काहीच झालं नव्हतं. निकाल नावांऐवजी आकड्यांनी आले होते. नळ्यांना आकडे लावायचं काम माझंच होतं, त्यामुळे त्यांतला नंदाचा आकडा मला शोधावा लागला नाही. माझ्या स्वतःच्या रक्तात काही नव्हतं. नंदाचं लग्न तेव्हा जमत होतं.

"तिला सांगायला पाहिजे," मी म्हणाले.

तुम्ही विचारलंत, "बहीण म्हणून म्हणतेस की इथे काम करतेस म्हणून?"

"दोन्ही."

"दोघींना एकच उत्तर. नाही. काय सांगणार तिला? आजार होईल? मला माहीत नाही. होणार नाही? तेही माहीत नाही. न झालेल्या आजाराला द्यायला औषध आहे का? नाही. मग तिला देणार काय, नुसती भीती? आणि ती बातमी सोयऱ्यांच्या कानावर जाईल ती वेगळीच."

"म्हणजे लपवून लग्न लावायचं?"

"आजार नाहीये, मंगल, तिला. नसलेलं काय लपवायचं?"

"कुल्फीचं तर खरं सांगितलंत."

"कुल्फीचं ऐकून कुणाची झोप गेली नाही."

"रक्त तिचं आहे, ताई."

यावर तुम्ही संमतीचा कागद काढलात. कागदावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलंत. मी घरी काही बोलले नाही. नंदा पानशेतला दिली. तिथे तिच्या घरच्यांची खाणावळ आहे, शनिवार-रविवारी पुण्याहून धरण बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. हातावरच्या भाकरीवर चालणारं घर.

त्यानंतर तुम्हाला पानशेतचं पिठलं फार आवडायला लागलं. खूण असलेल्या बाकीच्या बायका ज्या ज्या गावात होत्या, तिथल्या जत्राही तुम्ही चुकवेनाशा झालात. नमुने घ्यायचं काम एव्हाना संपत आलं होतं. तरी तुम्ही सतरंजी टाकायचात, हात दाबायचात, तोंडाकडे बघायचात. पावसाळ्यात घाटात एस.टी. बंद असली तर कुणाच्या टेम्पोत बसून जायचात. माझ्याशी याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मीही विचारलं नाही, पण सोबत आले.

नंदाचं पहिलं मूल वर्षाचं होत आलं होतं तेव्हा तुम्ही तिचा हात दाबलात आणि तिने तो पटकन मागे घेतला. "काय न्हाई, कालपासनं जरा ठनकतंय, लई भाकऱ्या झाल्या," ती म्हणाली. तुम्ही पिठलं अर्धवट ठेवून उठलात. त्याच आठवड्यात तिची औषधं सुरू झाली, आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या गोळ्या. आज नंदा परातीवर भाकरी थापते तेव्हा तिची बोटं सरळ असतात. आक्काची बोटं बाहेरच्या बाजूला कलली आहेत, तिला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. दोघींचा आजार एकच आहे. फरक फक्त तो कधी सापडला याचा.

त्यावरून आपला वाद संपायला हवा होता. उलट वाढला. तुम्ही म्हणालात, बघ, न सांगता वेळेवर सापडलं की नाही? मी म्हणाले, सापडलं, कारण तुम्ही पानशेतला गेलात, आणि तुम्ही काही जन्मभर जाणार नाही. सांगितलं असतं तर बोट दुखल्याबरोबर ती स्वतःच आली असती. तुम्ही म्हणालात, किंवा रोज सकाळी उठून बोटं मोजत बसली असती. आपण हे इतक्यांदा बोललो की पुढे पुढे अर्धीच वाक्यं बोलायचो. कुठल्या वाक्यावर कोण चिडणार हे दोघींना पाठ होतं. तुम्ही मला नोकरी दिली होती, शिकवलं होतं, माझ्या दोन्ही बहिणींना औषध दिलं होतं. तुमच्याशी एवढं भांडता येतं हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही तुम्हीच भांडू दिलंत म्हणून.

शेवटच्या आजारपणात दवाखान्यात तुमच्या खोलीत शेवटचं बसले होते तेव्हाही मी तेच विचारलं. तुम्ही खूप बारीक झाला होता. मी विचारलं, "तुमच्यानंतर त्या बायकांचे हात कोण धरणार?"

"तू."

"मी डॉक्टर नाही."

"बांगडीवाला कुठे डॉक्टर होता? दुखलं की माझ्याकडे, म्हणजे आता दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवायचं."

"धरीन. पण आधी सांगीन."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "चहा पिऊन जा." आपलं शेवटचं बोलणं हे एवढंच. मोठं काही नाही. दफनानंतर तिसऱ्या दिवशी जियारतीला हमीदभाईंच्या बायकोने मला आत बोलावून चहा दिला, तेव्हा मी तो प्यायले.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी संस्थेत विचारून कळवलं की ज्यांना आपलं जाणून घ्यायचं आहे, त्यांना विचारून सांगायला आता हरकत नाही. भोरमधल्या नव्या डॉक्टरांनीही, कुणाचं दुखलं तर लगेच बघीन, असा शब्द दिला आहे. म्हणजे माझ्या म्हणण्यासारखं झालं. तुम्ही असता तर हे झालं असतं की नाही, मला सांगता येत नाही.

परवा पासलीची जत्रा होती. मी सतरंजी घेऊन गेले. शेवंताबाई माहेरी आली होती. तिच्या थोरल्या बहिणीला आमवात आहे आणि शेवंताबाईच्या रक्तात खूण आहे, पण तिला कधी काही झालेलं नाही. तिला मी बाजूला घेतलं. कितीतरी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, तरी सुरुवात करायला वेळ लागला. म्हणाले, "शेवंताबाई, तुमच्या रक्तात काय सापडलं ते सांगायला आता परवानगी आहे. तुम्हाला ऐकायचं असेल तर सांगते. नसेल तर नाही सांगणार."

ती माझ्याकडे बघून हसली. "त्ये व्हय? मला ठावं हाय की."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशापायी पायजे? बाई समद्यांचा हात धरायच्या. माजा धरला की सोडतच न्हवत्या. चार बायका वाट बगायच्या मागं. म्या काय खुळी हाय व्हय?"

मी विचारलं, "मग त्यांना कधी विचारलं का नाही?"

"इचारलं आस्तं तर त्यास्नी सांगावं लागलं आस्तं. त्या सांगत न्हवत्या, म्हंजी काय तरी आसंलच की त्यांच्या मनात. म्या कशाला आडचनीत घालू?"

ताई, आपण दोघी दवाखान्यात बसून तिच्या झोपेवरून भांडत होतो आणि ती डोंगरात तुमची काळजी घेत होती. तरीही मी तिला सगळं शब्दांत सांगितलं. खूण म्हणजे काय, आजार होईलच असं नाही, बोटं सकाळी आखडायला लागली तर कुठे यायचं, थांबायचं का नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं. तुम्ही म्हणत होता तसं तिचं तोंड उतरलं नाही. मी म्हणत होते तसं तिला फार मोकळंही वाटलेलं दिसलं नाही. मग मी तिचा हात घेतला आणि तुम्ही दाबायचात तसे सांधे दाबले. काही दुखलं नाही.

बांगड्यांच्या रांगेत तिची मुलगी चुडा भरून घेत होती. बारावी झाली आहे, या सालात तिचं जमवायचं चाललं आहे. शेवंताबाई तिच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता तिने हळूच विचारलं, "आन हिला वो, मंगलताई? हिला सांगू का म्या? का ऱ्हाऊ दिऊ?"

ज्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला इतकी वर्षं ठासून देत आले, तोच प्रश्न होता. मुलगी मनगट वर करून आईला बांगड्या दाखवत होती. शेवंताबाई उत्तराची वाट बघत होती. तिचा हात अजून माझ्या हातात होता.